खिशातला कट्टा : प्रस्तावना

२००५ साली फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोघा मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना एक साधा व्हिडिओ गेम खेळायला बसवलं. पडद्यावर गाडी चालवायची. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं रेटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त. पण लाल दिवा लागला आणि गाडी आदळली की कमावलेलं पाण्यात. खेळणाऱ्यांचे तीन गट होते. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या पुढची मोठी माणसं. काही जण एकटे खेळले, काहींच्या सोबत त्यांच्याच वयाचे दोघे बसवले होते. सोबती असले की सगळ्यात लहान गटातली मुलं जवळजवळ दुप्पट धोका पत्करत होती. मोठ्यांना सोबत्यांचं काहीच वाटत नव्हतं. कुणी असो वा नसो, ते होते तसेच खेळले.

त्या वर्षी आयफोन बाजारात यायला अजून दोन वर्षं होती. आपल्याकडे वडिलांच्या खिशात फोन असलाच तर तो साधा, बटणांचा. तरीही पौगंडावस्थेतली मुलं, त्यांचे समवयस्क मित्र आणि मोबाइल या विषयावर बोलायचं तर सुरुवात या प्रयोगापासून करावी लागते. मोबाइल हातात यायच्या आधीच एक गोष्ट कळून चुकली होती : या वयात धोका मुलाच्या एकट्याच्या डोक्यातून निघत नाही, तो बघणाऱ्यांच्या नजरेतून निघतो.

पुढचे दोन प्रयोग त्याहून बोलके आहेत. २०११ मध्ये जेसन शाइन, स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच गाडीचा खेळ मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या यंत्रात झोपवून खेळायला दिला. या वेळी मित्र शेजारी नव्हते. ते दुसऱ्या खोलीत बसून पडद्यावर खेळ पाहत होते आणि एवढंच खेळणाऱ्याला सांगितलं होतं. तेवढ्यानेही किशोरवयीन मुलांच्या मेंदूतला बक्षिसाची चाहूल लागली की चेतणारा भाग, म्हणजे व्हेंट्रल स्ट्रायटम, जास्त उजळला आणि सिग्नल तोडण्याचं प्रमाण वाढलं. मोठ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. तिसरा प्रयोग २०१४ चा. १५ ते १७ वर्षांच्या मुलांना पैज लावायला दिली आणि हरण्याची शक्यता किती हे आधी उघड दाखवलं. बघणारा कोण, तर एक अनोळखी समवयस्क. तोही प्रत्यक्षात नव्हताच, आहे अशी समजूत करून दिली होती. तरी ज्यांना कुणी तरी पाहतंय असं वाटत होतं त्यांनी जास्त पैजा घेतल्या, आणि हरण्याची शक्यता जिथे मोठी होती तिथे तर विशेषच.

हे तीन निष्कर्ष एकापाठोपाठ एक वाचले की शाळाशाळांतून चालणाऱ्या आपल्या ‘जनजागृती’ कार्यक्रमांचं काय होत असेल याचा अंदाज येतो. पोलीस काका येतात, स्लाइड दाखवतात, धोके सांगतात. मुलांना धोके माहीतच असतात. माहिती कमी पडते म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा चालत्या लोकलच्या दारातून बाहेर झुकत नाही.

यातलं पुष्कळसं सांगायला आपल्याला प्रयोगशाळेची गरज नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या विहिरीवर पोरं जमायची. एकटा असला की जो पायऱ्यांनी हळूच पाण्यात उतरायचा, तोच काठावरून चार जण ‘मार की, भितोस काय’ म्हणू लागले की थारोळ्यावर चढून मुटका मारायचा. दहीहंडीच्या थरांची उंची किती आणि वर चढणाऱ्या पोराचं वय किती, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो काही कुणाच्या मोबाइलमुळे नव्हे. तेव्हा ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य या पुस्तकात कुठेही सापडणार नाही. आमच्या वेळीही होतं.

मग बदललं काय? माझ्या मते बदलला तो कट्टा. पूर्वीच्या कट्ट्याला वेळ होती आणि जागा होती. दिवेलागणीला आई हाक मारायची. समोरून जाणारे कुणी तरी काका ‘कुणाचा रे तू?’ म्हणून विचारायचे आणि त्या प्रश्नात अर्धी धमकी असायची. बघे मोजके, ओळखीचे, आणि जेवायच्या वेळी पांगणारे. आता तो कट्टा खिशात आहे. तो पांगत नाही आणि त्याच्यासमोरून कुठलेही काका जात नाहीत. जॅकलीन नेसी, सोफिया चौकस-ब्रॅडली आणि मिचेल प्रिन्स्टीन या अभ्यासकांनी २०१८ मध्ये या बदलाची नीट फोड करून दाखवली. ऑनलाइन मैत्रीत बोललेलं टिकून राहतं, चारचौघांत जातं, कुठल्याही वेळी मिळतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि कुणाला किती पसंती मिळाली ते आकड्यात मोजता येतं. वाचताना यात नवं काय असं वाटेल. पण यातली एकेक गोष्ट विहिरीच्या काठावर नेऊन पाहा, म्हणजे फरक कळतो.

नववीतल्या मुलांचा एखादा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. शाळेचा अधिकृत ग्रुप वेगळा. तिथे गृहपाठ, सूचना आणि ‘थँक्यू मॅम’. खरा ग्रुप दुसरा. त्याचं नाव दर आठवड्याला बदलतं आणि डीपीवर बहुतेक वेळा वर्गातल्याच कुणाचा तरी झोपलेला फोटो असतो. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास एक जण मोठ्या भावाच्या बाइकवर बसलेला स्वतःचा फोटो टाकतो. खाली दुसरा लिहितो, ‘स्टँडवर लावलेल्या गाडीवर कुणीपण बसतं.’ मग हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींची रांग. तिसरा म्हणतो, ‘व्हिडिओ टाक, मग मानू.’ इथवर कुणीही वाईट वागलेलं नाही. यातल्या एकाही मुलाला दुसऱ्याचा हात मोडलेला पाहायचा नाही. पण बाइकवाल्या मुलाला दिसतं ते एवढंच की अठरा जणांनी मेसेज वाचलाय आणि सगळे थांबलेत. कुणाच्या चेहऱ्यावर काळजी आहे का हे कळायला चेहराच नाही. विहिरीवर माघार घेतली तर थट्टा दहा मिनिटं चालायची, मग कुणी तरी कैऱ्या काढायचा आणि विषय संपायचा. इथे माघारीचा स्क्रीनशॉट निघतो आणि सोमवारी तो दुसऱ्या तुकडीत पोचलेला असतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. रात्री अकरा वाजता ग्रुपवरचं कुणीही हे कलम आठवत नाही.

पसंतीच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मोठ्यांना तो पोरखेळ वाटतो. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना इन्स्टाग्रामसारखं दिसणारं ॲप स्कॅनरमध्ये झोपवून दाखवलं. त्यात प्रत्येकाचे स्वतःचे ४० फोटो होते, बाकीचे इतरांचे. प्रत्येक फोटोखाली लाइकचा आकडा. हे आकडे संशोधकांनीच ठरवून टाकलेले होते : तोच फोटो निम्म्या मुलांना भरपूर लाइक असलेला दिसायचा आणि उरलेल्यांना तुरळक लाइक असलेला. मुलांनी लाइक दिलं ते ज्याला आधीच खूप लाइक होते त्याला. फोटो काय आहे याने फारसा फरक पडत नव्हता. सिगारेट, दारू असल्या फोटोंनाही तोच न्याय. आणि असे धोक्याचे फोटो पाहताना मेंदूतलं स्वतःला आवर घालणारं जाळं मंदावलेलं दिसलं. ३२ ही संख्या लहान आहे, एका प्रयोगावर इमारत उभी करू नये, हे खरं. पण आपल्या घरातल्या मुलीने टाकलेला फोटो तासाभरात काढून टाकला, कारण त्याला पुरेसे लाइक आले नाहीत, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना स्कॅनरचा पुरावा फार परका वाटणार नाही.

आता ज्या अभ्यासामुळे या विषयाकडे पाहण्याची माझी दिशा पक्की झाली, त्याकडे वळतो. लॉस एंजेलिस परगण्यात एल माँटे नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांमधल्या दहावीच्या १,५६३ विद्यार्थ्यांना ऑक्टोबर २०१० आणि एप्रिल २०११ अशा दोन वेळा प्रश्न विचारले गेले. तुमचे जवळचे मित्र कोण, फेसबुक आणि मायस्पेसवर किती वेळा जाता, तिथे मित्रांचे पार्टीचे किंवा दारूचे फोटो दिसतात का, आणि तुम्ही स्वतः सिगारेट-दारू घेता का. ग्रेस हुआंग, थॉमस व्हॅलेंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा : ऑनलाइन मित्रांची संख्या किती, याचा सिगारेट-दारूशी संबंध लागला नाही. मुलं सोशल मीडियावर किती वेळा जातात, याचाही लागला नाही. संबंध लागला तो मित्रांचे तसले फोटो दिसण्याशी. त्यातही एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलांच्या जवळच्या मित्रांपैकी कुणीच दारू पीत नव्हतं, त्यांच्यावर या फोटोंचा परिणाम जास्त दिसला.

हा शेवटचा मुद्दा पुन्हा वाचावा. ‘आमच्या मुलाची संगत चांगली आहे’ म्हणून जे निर्धास्त असतात, त्यांच्याचबद्दल तो आहे. ज्याच्या आसपास पिणारे आहेत, त्याला पिण्याची दुसरी बाजूही दिसते : ओकारी, घरी झालेली मारझोड, दुसऱ्या दिवशीचं तोंड. ज्याला फक्त फोटो दिसतो, त्याला फक्त उंचावलेला ग्लास आणि चमकणारे डोळे दिसतात. हे स्पष्टीकरण माझं आहे, संशोधकांचं नाही. पण सज्जन घरातली, सज्जन संगतीतली मुलं चित्राला जास्त भुलतात, हे शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही पटेल.

याच्या उलट उदाहरणही दिलं पाहिजे. ऑगस्ट २०११ मध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या व्यसनविषयक राष्ट्रीय केंद्राने जाहीर केलं की रोज सोशल मीडियावर वेळ घालवणारी १२ ते १७ वयाची मुलं न घालवणाऱ्यांपेक्षा तंबाखू पाचपट, दारू तिप्पट आणि गांजा दुप्पट प्रमाणात घेतात. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानाच्या तोऱ्यात छापलं. त्यावर टीकाही तितकीच झाली आणि ती रास्त होती. जो मुलगा रोज कुणाशी ना कुणाशी बोलतो, भटकतो, मिसळतो, तो सोशल मीडियावरही असणार आणि पार्टीलाही जाणार. एकामुळे दुसरं झालं की दोन्ही तिसऱ्यातून आलं, हे असल्या आकडेवारीतून कळतच नाही. २०२० मध्ये ॲना व्हानुची आणि सहकाऱ्यांनी २७ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा सोशल मीडियाचा वापर आणि धोकादायक वर्तन यांच्यात संबंध आहे असंच निघालं, पण तो लहान ते मध्यम म्हणावा एवढाच. ‘मोबाइलने पिढी वाया गेली’ म्हणणाऱ्यांना हे पचत नाही. ‘मोबाइलचा काही संबंध नाही’ म्हणणाऱ्यांनाही पचायला नको.

आपल्याकडे या विषयाची चर्चा जी बिघडली ती २०१७ च्या पावसाळ्यात. जुलैच्या शेवटी मुंबईत एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि त्याला ‘ब्लू व्हेल’ नावाचा खेळ जबाबदार असल्याच्या बातम्या सुरू झाल्या. कुणी तरी अनोळखी इसम मुलांना पन्नास दिवस रोज एक आज्ञा देतो आणि शेवटची आज्ञा जीव देण्याची असते, अशी ती कहाणी. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गुगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरे कंपन्यांना या खेळाचे दुवे काढायला सांगितलं. शाळांनी परिपत्रकं काढली. पालकांच्या ग्रुपवर मुलांच्या मनगटावर खुणा तपासण्याचे सल्ले फिरले. सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्रात असं घर नसेल जिथे हे नाव पोचलं नव्हतं. मग चौकशी झाली. संगणक-सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने आलेल्या प्रकरणांची छाननी केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री, आपल्या चंद्रपूरचे हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की यातल्या एकाही प्रकरणात या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

ही बातमी किती जणांच्या लक्षात आहे? भीती पहिल्या पानावर आली, उत्तर आतल्या पानावर गेलं. त्यामुळे झालेलं नुकसान आजही दिसतं. पालकांच्या मनात धोका म्हणजे दूर कुठे तरी बसलेला अनोळखी राक्षस, असं चित्र बसलं. तसे लोक असतात, त्यांच्यापासून जपायला हवंच. या संग्रहात त्यावरही एक लेख आहे. पण बहुतेक मुलांना जे भोगावं लागतं ते ज्याचा डबा आपण खाल्ला, ज्याच्या वाढदिवसाला गेलो, त्याच्याकडून. नाहीतर त्याच्यासाठी.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेने तेरा-चौदा वर्षांच्या आठ मुलांना निलंबित केलं. त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्याच वर्गातल्या मुलींबद्दल जे लिहिलं होतं ते इथे देण्यासारखं नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या इन्स्टाग्राम ग्रुपचं तसलंच प्रकरण गाजलं. दोन्ही वेळा चर्चा झाली ती ‘ही मुलं असली कशी निघाली’ यावर. मला त्यापेक्षा वेगळा प्रश्न पडतो. अशा ग्रुपमध्ये लिहिणारे मोजके असतात. नुसते वाचणारे कितीतरी जास्त. त्यांच्यापैकी कुणाला तरी किळस आलीच असणार. तो ग्रुप सोडू शकला नाही, कारण ग्रुप सोडला की पडद्यावर तसं सगळ्यांना दिसायचं. पुढे व्हॉट्सॲपने गुपचूप बाहेर पडण्याची सोय केली, पण रोजच्या बाकावरून गुपचूप उठून जाण्याची सोय कुणी करू शकत नाही. धोक्याचं वागणं म्हटलं की आपल्याला बाइक, दारू, सेल्फी आठवते. गप्प बसून पाहत राहणं, आलेलं पुढे पाठवणं, हेही त्यातच मोडतं, आणि कायद्याच्या नजरेत तर ते अधिकच गंभीर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली अठराखालच्या व्यक्तीचं अश्लील चित्र साठवलं किंवा पाठवलं तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वर्गातल्या मैत्रिणीचा फोटो ‘गंमत म्हणून’ पुढे ढकलणाऱ्या मुलालाही हे कलम लागू शकतं. पोलीस काकांच्या स्लाइडमध्ये हे असायला हवं, बऱ्याचदा नसतं.

सेल्फीचा विषय आला आहे तर तोही निपटू. २०१६ च्या जानेवारीत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना मुली समुद्रात पडल्या, एक बुडाली, आणि तिला वाचवायला गेलेला माणूसही गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरात सेल्फीसाठी धोकादायक अशी सोळा ठिकाणं निश्चित केली. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या चाळल्या तेव्हा सेल्फीमुळे झालेले २५९ मृत्यू सापडले आणि त्यांत भारत सगळ्यांत पुढे होता. पाट्या लागल्या, पाट्यांपुढे उभं राहून सेल्फी निघाल्या. यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं मला काही सुचत नाही. लोकलच्या स्टंटचं मात्र सांगतो. २०२४ च्या जुलैमध्ये चालत्या लोकलला लोंबकळत फलाटावरून पाय घासत जाणाऱ्या एका तरुणाची रील मुंबईभर फिरली. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान त्याला शोधत घरी पोचले, तेव्हा कळलं की रील जुनी आहे. मधल्या काळात दुसऱ्या एका स्टंटमध्ये त्याचा एक हात आणि एक पाय गेला होता. घरात तो तसा बसलेला होता, आणि बाहेर लाखो फोनवर तो दोन्ही हातापायांनी धडधाकट, लोकलबरोबर घसरत चालला होता. पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला पोचलं ते फक्त दुसरं चित्र.

मुलींचा प्रश्न वेगळा लिहावा लागतो. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. जवळजवळ नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन होता तो मुलांमध्ये ४३.७ टक्क्यांकडे आणि मुलींमध्ये १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे पुष्कळशा मुलींचा ऑनलाइन वावर हा भावाच्या, वडिलांच्या किंवा आईच्या फोनवरचा, उसना आणि देखरेखीखालचा. वरवर पाहता हे सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात होतं असं की काही विपरीत घडलं, कुणी फोटोवरून धमकावलं, तर मुलगी घरी सांगत नाही. सांगितलं तर पहिली शिक्षा तिलाच : फोन बंद. कधी कधी शाळाही बंद. मग ती कुणाकडे जाते? त्याच मैत्रिणींकडे, त्याच ग्रुपकडे, म्हणजे जिथे उपाय कमी आणि सल्ले जास्त, तिथे. फोन काढून घेण्याची धमकी हे आपल्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार आहे, आणि माझ्या मते सगळ्यात घातक. त्याने मुलाचं वागणं बदलत नाही, लपवणं तेवढं पक्कं होतं. ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी, दुसऱ्या नावाचं खातं, आपोआप पुसले जाणारे मेसेज, ही सगळी सोय मुलांना त्यांच्या वयाने नव्हे, आपल्या धाकाने शिकवली.

तर मग बंदी? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना मोठ्या सोशल मीडियावर खाती ठेवायला मनाई केली आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल असं म्हटलं आहे. तेरा वर्षांची अट तर इन्स्टाग्राम आणि फेसबुकची स्वतःचीच आहे, आणि ती किती पाळली जाते ते पाचवीच्या कुठल्याही वर्गात विचारून पाहावं. कंपन्यांना वेसण घालणारे कायदे हवेत. त्याबद्दल मला शंका नाही. पण कायदा खातं बंद करतो, समवयस्कांची नजर बंद करत नाही. ती दुसरीकडे जागा शोधते.

आणि ती नजर सगळी वाईटच असते असंही नाही. नेदरलँड्समध्ये योरीन व्हान होर्न आणि सहकाऱ्यांनी १२ ते १६ वयाच्या मुलांना एक ऑनलाइन खेळ दिला. मिळालेली नाणी स्वतःकडे ठेवायची की गटासाठी द्यायची, एवढाच प्रश्न. बघणाऱ्या समवयस्कांनी देणाऱ्याला पसंती दिली की मुलं जास्त देऊ लागली. स्वार्थाला पसंती मिळाली की देणं आटलं. करोनाच्या काळात रक्त, ऑक्सिजन, खाटा यांची माहिती रात्ररात्र जागून जुळवणारी कॉलेजची पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती याच फोनवर, याच ग्रुपमध्ये होती.

म्हणून या संग्रहातल्या लेखांना मी एकच कसोटी लावली. दिवसाला किती तास, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून लिहिलेले लेख परत पाठवले. तास मोजणं सोपं आहे, फोनच मोजून देतो, म्हणून आपण ते मोजतो. एल माँटेच्या मुलांनी दाखवलं की मोजायचं ते वेगळंच आहे : पडद्यावर काय दिसतं आणि ते कुणाचं आहे. इथे लिहिणाऱ्यांत शिक्षक आहेत, समुपदेशक आहेत, एक निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, आणि दोन लेख सतरा वर्षांच्या मुलामुलींनी लिहिलेले आहेत. ते दोन आधी वाचावेत, अशी माझी सूचना. त्यांची भाषा आम्ही सुधारलेली नाही. काही शब्द घरात वाचून दाखवताना अडखळायला होईल, होऊ द्या.

लेखांमध्ये एकवाक्यता नाही. समुपदेशकांच्या लेखात पालकांनी मुलांचे मेसेज मुळीच वाचू नयेत असं ठामपणे म्हटलं आहे. निवृत्त अधिकाऱ्यांना ते अजिबात मान्य नाही, आणि त्यांनी हाताळलेली प्रकरणं वाचली की त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. माझा कल पहिल्या बाजूला आहे, पण वाचकाने माझ्या कलाने जाण्याचं कारण नाही. एक गोष्ट मात्र दोघांनीही लिहिली आहे. मुलाने एखादी गोष्ट येऊन सांगितली तर त्या दिवशी फोन काढून घेऊ नका. काही घडलंच असेल तर बालकांसाठीची १०९८, सायबर गुन्ह्यांसाठीची १९३० आणि मानसिक आधारासाठीची १४४१६ या तिन्ही मदतवाहिन्या चोवीस तास चालू असतात. हे क्रमांक फ्रिजवर चिकटवण्यापेक्षा मुलांच्या फोनमध्ये असलेले बरे.

हे पुस्तक वाचून झालं की कपाटात ठेवू नका. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या, सोबत पेन्सिल द्या आणि जिथे पटलं नाही तिथे समासात लिहायला सांगा. ती पानं आम्हाला पाठवा. पुढच्या आवृत्तीची प्रस्तावना आम्ही त्यांवरून लिहू.